खोली दोन, भाडेकरू एक

इंदूरला मी पहिली खोली ज्यांच्याकडे घेतली, त्या काकांना ऐकू येत नव्हतं. परदेशीपुऱ्याजवळच्या एका कापडगिरणीत त्यांनी एकोणतीस वर्षं साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवले होते. त्या खडखडाटात कान गेले, आणि त्याच खडखडाटात ते समोरच्याचे ओठ वाचायला शिकले. साचाखात्यात सगळ्यांनाच ते थोडंफार येई, कारण तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे. पण काकांची सर कोणाला नव्हती. आपल्या ओट्यावर बसून ते रस्त्यापलीकडे पानाच्या ठेल्यावर चाललेलं भांडण मला शब्दन् शब्द सांगत. हिंदी बोलणाऱ्यांचं लवकर कळतं, म्हणत. आपली मराठी माणसं अर्धं तोंडातच ठेवतात.

गिरणी बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. गावात रंगीत टीव्हीची, कूलरची, फायनान्सवाल्यांची नवी दुकानं निघत होती आणि पोरं कामाला पीथमपूरच्या कारखान्यांकडे जात होती. काकांना सकाळी कुठे जायचं नसे, म्हणून ते जगातलं कापड तपासत. घरी आलेल्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरायची, अंगठ्याने एकदा चोळायची आणि न विचारता निकाल द्यायचा: "पॉवरलूम." गिरण्यांच्या पोटावर पाय देणाऱ्या त्या छोट्या कारखान्यांचं नाव ते शिवीसारखं उच्चारत. कापडबाजारातल्या दोन दुकानदारांनी त्यांना पायरी चढायला मनाई केली होती, कारण गिऱ्हाईकासमोरच ताग्यातला धागा ओढून ते तोडून दाखवत. मी राहायला आले त्या दिवशी माझी सतरंजी त्यांनी उलटी करून पाहिली आणि काकूंना सांगितलं, की पोरगी गरीब घरची आहे पण आईला वस्तू पारखता येते. दोन्ही खरं होतं.

मी चाळीसगावची. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता आणि इंदूरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची नोकरी लागली होती. वडिलांनी पाठवलं ते नाइलाजाने. तिथल्या अन्नपूर्णा भागात त्यांच्या एका लांबच्या बहिणीकडे माझी सोय केली होती, पंधरा दिवसांपुरती. तेवढ्यात खोली मिळाली तर ठीक, नाहीतर मी न्यायला येतो, असं त्यांनी निघताना बजावलं होतं. आणि न्यायला येतो म्हणजे पुढे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. स्थळ बघून ठेवलेलं होतं.

बारा दिवसांत मी सतरा खोल्या पाहिल्या. दलालाबरोबर, सायकलने, पायी. एकट्या मुलीला द्यायची नाही असं काहींनी सरळ सांगितलं, ते बरं होतं. बाकीचे चहा पाजत आणि विचारत, की लग्न का नाही झालं, भाऊ का नाही सोबत, ऑफिसात बाया किती आहेत. एका बाईंनी किल्लीसुद्धा हातात दिली होती. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी किल्ली परत घेतली आणि म्हणाल्या, माझ्या लक्षातच नव्हतं, आमचा पुतण्या येणारे राहायला.

तेराव्या दिवशी ऑफिसखालच्या चहावाल्याने परदेशीपुऱ्यातली एक खोली सांगितली. पण तिथला म्हातारा सनकी आहे, म्हणाला, चार जणांना परत पाठवलंय.

गिरणीच्या कामगारांसाठी बांधलेली बावीस घरांची बैठी ओळ होती. एका दारावर पाटी टांगलेली होती, आणि तिच्यावर खडूने लिहिलं होतं: "खोली आहे. आधी बसा." ओट्यावर काका बसले होते. उंच, हाडकुळे, पांढरा सदरा, नजर माझ्या तोंडावर. मी बोलायला लागले तर त्यांनी शेजारची जागा दाखवली. मी बसले. ते काही बोलेनात. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. समोरून हातगाड्या जात होत्या, बायका नळावरून हंडे नेत होत्या, आणि मला वाटत होतं की इथे बसून मी दुसऱ्या एखाद्या खोलीची संधी घालवते आहे. उठावं असं तीनदा मनात आलं. तासाभराने त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, घाबरली आहेस का. मी हो म्हटलं.

"चल, खोली बघ," ते म्हणाले.

आधीच्या एका बँकवाल्याने याच प्रश्नावर, मी कशाला घाबरू, असं हसून उत्तर दिलं होतं म्हणे. त्याला तिथूनच घालवलं. काकांचं एक वाक्य मी पुढे शंभरदा ऐकलं: आवाज गोड करता येतो, ओठ नाही करता येत.

त्या घरात राहणं सोपं नव्हतं. दोन खोल्या एकामागे एक. पुढची त्यांची, मागची माझी, आणि जायचा रस्ता त्यांच्यातून. दाराच्या कडीला त्यांनी साडीची जुनी किनार बांधली होती आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. दार उघडलं की हाताला हिसका बसे आणि ते बघत. कोणी आलं-गेलं ते त्यांना कळल्याशिवाय राहत नसे. काका आणि काकू एकमेकांशी आवाज न काढता बोलत, फक्त ओठांनी. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर काकूंनाही त्याची सवय झाली होती. पहिल्या आठवड्यात मी एकदा पाणी प्यायला पुढे आले तर दोघांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. काकूंच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या, काका जमिनीवर हात आपटत होते, आणि घरात चमचा पडल्याचासुद्धा आवाज नाही. मी तशीच मागे फिरले. भांडण माझ्यावरूनच होतं, हे नंतर कळलं. गिरणीच्या घरात पोटभाडेकरू ठेवायचा नाही असा नियम होता. काकूंना माझं तिथे असणं धोक्याचं वाटत होतं. काकांचं म्हणणं, गिरणीच उरली नाही तर नियम कसला.

काकूंची भीती बरोबर होती. फक्त ती माझ्याच हातून खरी व्हायची होती.

सहाव्या महिन्यात ऑफिसात एक मोठं काम आलं. सरांनी सर्व्हेचा कागद माझ्या बोर्डवर पसरला आणि ट्रेसिंग करायला सांगितलं. गिरणीच्या जमिनीवर कॉलनी आणि दुकानं होणार होती. मी पेन भरून कामाला लागले. अर्ध्या तासाने कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक ओळ आली, एकसारख्या चौकोनांची. मी मोजले. बावीस होते. त्यांच्यावरून चाळीस फुटी रस्ता जात होता.

त्या दिवसापासून मी घरात नीट बोलेनाशी झाले. काका समोर आले की मी भांड्यांकडे वळे, ओढणीने तोंड पुसत बोले. जेवताना मान खाली. काही ठरवून करत नव्हते, पण ज्या माणसाला फक्त ओठच दिसतात, त्याच्यासमोर दुसरं काय करणार. आठवडाभराने ते म्हणाले, "तू आजकल तोंड फिरवून बोलून राहिली आहेस." मी म्हटलं, दात दुखतोय. त्यांनी लवंगेचं तेल आणून दिलं, आणि ते मला त्यांच्यासमोर लावावं लागलं.

मग सरांना कळलं की मी त्याच ओळीत राहते. त्यांना आनंद झाला. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून, चहा मागवून काम समजावलं. कोर्टात आणि सरकारात दाखवायला त्या घरांची आजची स्थिती हवी होती. ज्यांना कुलूप आहे ती रिकामी दाखवायची, ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्यापुढे अतिक्रमण लिहायचं. कोणी विचारलं तर महानगरपालिकेचं माप आहे म्हणून सांगायचं. ओळखीची मुलगी असल्यावर लोक दार उघडतात, ते म्हणाले. मी तिथे कोणाकडे राहते, हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं. विचारलं की काकांचं घर सगळ्यात आधी जाणार, हे मला दिसत होतं. आणि नाही म्हटलं की माझी नोकरी जाणार, आणि मी चाळीसगावला. विचार करून सांगते, असं म्हणून मी घरी आले. त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन करायला सांगितलं.

शनिवारी मी समोरच्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरले. आत उकडत होतं. दार नीट लावून घेतलं, बाहेर आवाज जाणार नाही याची खात्री केली, आणि सरांना म्हटलं:

"जी सर. कल इतवार है, नाप लूंगी. नहीं, उनको कुछ पता नहीं चलेगा."

फोन ठेवून वळले. रस्त्यापलीकडे ओट्यावर काका बसलेले होते. माझ्याकडेच बघत होते. घरात तोंड फिरवून बोलणाऱ्या मला तिथे ओठांचं सुचू नये, याचं आजही नवल वाटतं. काच आवाज अडवते, एवढंच डोक्यात होतं.

रस्ता ओलांडून मी आत गेले तेव्हा ते ओट्यावरच बसून राहिले. काकूंनी वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळी उठून पुढच्या खोलीत आले तर माझी ट्रंक दाराशी ठेवलेली होती. तिच्यावर सतरंजी घडी करून. काका खाटेवर बसलेले, मनगटाची किनार सोडलेली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"उनको कुछ पता नहीं चलेगा," ते आपल्या त्या सपाट, चढ-उतार नसलेल्या आवाजात म्हणाले. मग थांबून, "टेप कुठे आहे?"

"काका, मी नाही मोजणार. मी सोमवारी सांगते त्यांना."

"टेप आण. एकटीला लांब टेप धरता येत नाही. दुसरं टोक मी धरतो."

त्या सकाळी आम्ही बावीस घरं मोजली. पहिल्या दाराशी गेल्यावर काकांनी कडी वाजवली आणि बाहेर आलेल्या माणसाला, सगळ्या ओळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, की ही पोरगी ज्या दफ्तरात आहे तिथे आपली घरं पाडायचा नक्शा बनून राहिलाय, ही मापं घ्यायला आलीय, विचारेल ते खरं सांगा, ती खरं लिहील. प्रत्येक दाराशी हेच, त्याच शब्दांत. माणसं जमत गेली. चौथ्या घरातल्या बाईने माझ्या तोंडावर दार लावलं. सातव्या घरातल्या एकाने माझ्या हातातली वही ओढून गटारात टाकली आणि मला जे म्हणायचं ते म्हटलं. त्याच्या नळावरून मी सहा महिने पाणी भरत होते. काकांनी वाकून वही उचलली, सदऱ्याला पुसली आणि उघडून माझ्यापुढे धरली. "लिहीत राहा," म्हणाले. गटारातल्या पाण्याने त्या पानावरचे आकडे पसरले होते, मलाच वाचता येत नव्हते. त्यांनी ते पान पुन्हा लिहायला लावलं.

कुलूप लावलेली सहा घरं होती. मी पुढे निघाले तर त्यांनी अडवलं. शेजाऱ्यांना बोलावलं. हा पीथमपूरला आहे, महिन्याने येतो. ती बाळंतपणाला गेली आहे. खिडकीच्या फटीतून त्यांनी मला आत बघायला लावलं आणि दिसेल ते लिहायला सांगितलं: खाट एक, देव्हारा, शिवणाचं मशीन. "कुलूप आहे. रिकामं नाही," ते म्हणाले. हे वाक्यही लिहिलं. प्रत्येक नोंदीखाली घरातल्याची सही किंवा अंगठा, आणि सगळ्याची कार्बन लावून दुसरी प्रत. ती त्यांनी आपल्याकडे ठेवली.

शेवटी आमचं घर उरलं. दुपार झाली होती, अर्धी ओळ ओट्यासमोर उभी होती. मी काकांचं नाव लिहिलं, काकूंचं लिहिलं, खोली एक, खोली दोन, आणि वही मिटायला लागले.

"खोली दोनमध्ये कोण राहतं ते लिहिलं नाही," ते म्हणाले.

मी मान वर करून, त्यांना नीट दिसेल असं सांगितलं, की ते लिहिलं तर तुमचं घर जाईल. पोटभाडेकरू आहे म्हटल्यावर तुमचा हक्कच राहणार नाही. दाराआडून काकू बघत होत्या. त्यांचे ओठ भराभर हलत होते. ते मला वाचता येत नव्हते, पण काय म्हणत असतील ते कळत होतं.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ओळीकडे. "एकवीस घरांचं खरं लिहिलंस आणि माझं खोटं, तर वकील एवढंच पकडेल. मग सगळंच खोटं ठरेल. लिही. खोली दोन, भाडेकरू एक."

मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली, आणि काकूंचा अंगठा घ्यायला वही आत नेली. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. आले तेव्हा अंगठा उठलेला होता.

सोमवारी सरांनी वही पाहिली आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, आजची स्थिती. त्यांनी आवाज चढवला नाही. हे फाड आणि सांगितलं तसं कर, एवढंच म्हणाले. मी कार्बन प्रतीबद्दल सांगितलं. अकरा वाजता मी रस्त्यावर होते.

घरी आले तर ट्रंक परत मागच्या खोलीत गेलेली होती. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही, आणि राहू का, हेही विचारलं नाही. काकू माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत. ताट मात्र रोज वाढलेलं असे. नोकरी गेल्याचं कळून वडील न्यायला आले, तेव्हा काकांनी त्यांना ओट्यावर बसवून सांगितलं, की पोरीची नोकरी आमच्यापायी गेली आहे, दुसरी लागेपर्यंत ती कुठे जाणार नाही. वडिलांना असं त्यांच्या मुलीबद्दल कोणी सांगितलेलं नव्हतं. ते संध्याकाळच्या गाडीने परत गेले. महिन्याभरात मला एका ठेकेदाराकडे काम मिळालं. पुढे चार वर्षं, लग्न होईपर्यंत, मी त्याच खोलीत राहिले.

ती कार्बन प्रत कोर्टात गेली. घरं रिकामी आहेत, असं मग कोणाला म्हणता येईना. खटला आठ वर्षं चालला. शेवटी तडजोड झाली: घरं पाडायची, आणि यादीत नावं असलेल्यांना खजरान्याच्या पुढे एकेक प्लॉट द्यायचा. एकवीस जणांना मिळाला. बाविसाव्या नोंदीपुढे शेरा होता, की पोटभाडेकरू ठेवल्यामुळे अपात्र.

त्यांच्यासाठी खोली शोधायला मी निघाले. आता माझ्याकडे स्कूटर होती, ओळखी होत्या, आडनाव नवऱ्याचं होतं. तरी महिना लागला. बहिरा म्हातारा, वर मूलबाळ नाही, उद्या काही झालं तर आम्ही काय करणार, असं लोक विचारत. आमच्याकडे या म्हणून मी दोनदा सांगितलं. काका नाही म्हणाले, आणि त्यांचं नाही एकदाच असे. अखेर खजरान्याच्या एका गल्लीत तळमजल्याची एक खोली मिळाली. ओळीतले बाकीचे लोक जवळच प्लॉटवर राहायला जाणार होते, म्हणून त्यांना ती चालली.

सामान टेम्पोत चढवायला मी गेले होते. फारसं नव्हतंच. काकू आधीच टेम्पोत जाऊन बसल्या. काका रिकाम्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते. खूप थकलेले दिसत होते. आठ वर्षं मनात होतं ते मी तेव्हा विचारलं. समोर उभी राहून, सावकाश. त्या दिवशी मला का नाही काढलंत?

"काढणारच होतो," ते म्हणाले. "काकूने ट्रंक आणून ठेवली, ते मीच सांगितलं होतं. मग वाटलं, हिला काढलं तर तो साहेब दुसरा कोणी पाठवेल. त्याला आपण ओळखणार नाही. तू तरी घाबरून होतीस."

मला वाटत आलं होतं, की त्या सकाळी त्यांनी मला सांभाळून घेतलं. मी विचारलं, "आणि नंतर? माफ केलंत?"

घाईने उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"नाही. कोशिश केली. जमलं नाही." मग माझ्या तोंडावरून नजर न काढता म्हणाले, "पण तू राहिलीस, ते चांगलं केलं."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. त्यांना तो ऐकू आला नाही. मी खूण केली तेव्हा ते निघाले. ड्रायव्हरशेजारी ते बसले. मागे सामानात काकू बसल्या होत्या, मांडीवर पिठाचा डबा घेऊन. मी खाली उभी होते. स्कूटरने मागून येते, असं सांगणार होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, डबा पलीकडे सरकवला, स्वतः थोड्या सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हात आपटला. मी स्कूटर तिथेच सोडली आणि वर चढले.